नऊ इंची कॉलम आणि मोकळं पार्किंग: पुण्यातल्या एका सोसायटीच्या भूकंप-बळकटीकरणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या एका उपनगरातली ही इमारत १९९७ मध्ये पूर्ण झाली. खाली मोकळं पार्किंग, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार असे सोळा फ्लॅट. मजल्याचं क्षेत्रफळ सुमारे २४० चौरस मीटर. त्या काळात पुण्यात अशा इमारती शेकड्यांनी उभ्या राहिल्या. ओळख पटू नये म्हणून सोसायटीचं नाव आणि परिसर दिलेला नाही. मी या कामावर स्ट्रक्चरल इंजिनिअर होते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. पत्त्यांसारख्या बसलेल्या इमारतींचे व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरले. चार दिवसांत विषय मागेही पडला असता. पण सोसायटीचे चेअरमन काका बँकेच्या नोकरीत असताना २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादेत होते. भूजचा भूकंप त्यांनी तिथे अनुभवला होता. केंद्रबिंदू दोनशे किलोमीटरहून लांब असूनही शहरात सातशेहून जास्त माणसं गेली, आणि पडलेल्या बहुमजली इमारतींपैकी बऱ्याच इमारतींच्या तळाशी मोकळं पार्किंग होतं. काकांनी मला पहिल्या फोनवर एकच प्रश्न विचारला, "मॅडम, आमचं पार्किंग तसंच आहे. आमचं काय होईल?"

त्यांना धीर देणारं उत्तर माझ्याकडे नव्हतं. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात अहमदाबाद झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात होतं आणि पुणेही झोन तीनमध्येच होतं.

सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलेलं होतं. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करावं लागतं. तो अहवाल मी वाचला. गच्चीची गळती, डक्टमधल्या पाइपांजवळ गंजलेल्या सळया, बाल्कनीच्या तळाचं सुटलेलं प्लास्टर, सगळं नीट नोंदवलेलं होतं. "दुरुस्तीनंतर इमारत राहण्यास योग्य" असा शेरा होता. काम प्रामाणिकपणे केलेलं होतं, मात्र भूकंप हा शब्द त्यात कुठेच नव्हता. इमारत झिजली आहे का, याचा तपास झाला होता. जमीन हलली तर ती उभी राहील का, हे कुणी विचारलंच नव्हतं, कारण नेहमीच्या नमुन्यात तो रकानाच नसतो. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक ऑडिट अहवालांची हीच गत आहे आणि त्यांतले काही मी स्वतः लिहिलेले आहेत.

इमारत कोणत्या नियमाने बांधली

मूळ आरसीसी ड्रॉइंग्ज सापडली नाहीत. पण १९९६-९७ मध्ये कोणते नियम लागू होते हे माहीत आहे, आणि या प्रकरणाचा निम्मा उलगडा त्यातच आहे.

तेव्हा भूकंपभारासाठी आयएस १८९३ या भारतीय मानकाची १९८४ ची आवृत्ती चालू होती. मोकळ्या तळमजल्यासाठी वेगळी जादा ताकद हवी, अशी अट तीत नव्हती. सळया कशा बांधायच्या हे सांगणारं आयएस १३९२० हे मानक १९९३ मध्ये आलं होतं. रिंगांची, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळयांची टोकं १३५ अंशांत वाकवून आत काँक्रीटमध्ये रुतवा, कॉलमच्या दोन्ही टोकांशी रिंगा १०० मिलिमीटरच्या आत ठेवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण झोन तीनमध्ये ते सरसकट लागू नव्हतं. महत्त्वाच्या व औद्योगिक इमारती सोडल्या, तर पाच मजल्यांपेक्षा उंच इमारतींनाच ते बंधनकारक होतं.

आमची इमारत पार्किंग धरून बरोबर पाच मजल्यांची. एक मजला जास्त असता, तर कागदावर का होईना, हे मानक लागू झालं असतं. १९९७ च्या डिझायनरने नियम मोडलेला नाही. त्याच्या बाजूने हे आधीच सांगायला हवं, कारण सभेत "बिल्डरने फसवलं" हा सूर लगेच लागला होता आणि त्यातून हाती काही येणार नव्हतं.

पुढे भूजनंतर आयएस १८९३ ची २००२ ची आवृत्ती आली. तळमजला मोकळा असेल तर तिथले कॉलम-बीम हिशेबाने येणाऱ्या भूकंपबलाच्या अडीचपट बलासाठी डिझाइन करा, असं तीत सांगितलं. याच आवृत्तीत झोन एक रद्द झाला. १९९३ मध्ये ज्या किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली, तो तोवर नकाशावर या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १३९२० देखील झोन तीनच्या सगळ्या आरसीसी चौकटींना लागू झालं. २०१६ ची आवृत्ती आणखी पुढे गेली. नुसते कॉलम जाड करून भागणार नाही, मोकळ्या मजल्यावर काँक्रीटच्या भिंती किंवा ब्रेसिंग, म्हणजे तिरके आधार द्या, असं ती सांगते. त्याच वर्षीच्या १३९२० ने कॉलमची किमान रुंदी ३०० मिलिमीटर केली. नऊ इंची कॉलम भूकंप पेलणाऱ्या चौकटीतून बाद झाला तो तेव्हा.

मानक अशा पायऱ्यांनी सुधारत गेलं, पण प्रत्येक पायरी नव्या इमारतींसाठी होती. आधी उभ्या राहिलेल्या इमारती आपापल्या जुन्या पायरीवरच थांबल्या.

अडचण नेमकी काय निघाली

आम्ही पार्किंगमधले पाच कॉलम उघडले, कोअर म्हणजे काँक्रीटचे नळीसारखे नमुने काढले, उरलेल्यांची सळई-शोधक यंत्राने तपासणी केली. वीस कॉलम, सगळे २३० मिलिमीटर रुंद, म्हणजे नऊ इंची. खोलीत कोपरा बाहेर येऊ नये म्हणून भिंतीच्या जाडीत लपवलेले. त्यातल्या चौदांची लांब बाजू इमारतीच्या लांबीला समांतर होती. आडव्या दिशेने पाहिलं तर इमारत जवळजवळ नऊ इंचांवरच उभी होती. काँक्रीटची ताकद एम-१५ या प्रतीच्या आसपास भरली, दोन कॉलममध्ये त्याहूनही कमी. त्या काळी एम-१५ चालत असे. आरसीसीसाठी किमान एम-२० ही अट आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात २००० साली आली. रिंगा सहा मिलिमीटरच्या, आठ-आठ इंचांवर, आणि टोकं काटकोनात वाकवलेली.

या काटकोनावर थोडं थांबते. भूकंपात कॉलमच्या टोकाशी बाहेरचं काँक्रीट आधी फुटून गळतं. रिंगेचं टोक काटकोनात असेल तर ते त्या बाहेरच्या काँक्रीटच्याच भरवशावर असतं. ते गळालं की रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट मोकळं होऊन चुरडतं. टोक १३५ अंशांत आत रुतलेलं असेल तर रिंग मिठी सोडत नाही. कॉलम वाकतो, तडकतो, तरी वजन धरून राहतो आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. हा फरक साधायला लागते प्रत्येक रिंगेमागे बोटभर सळई आणि फिटरचा एक जादा हात.

मग संगणकावरचं मॉडेल. नुसती कॉलम-बीमची चौकट धरली तर सगळे मजले सारखेच दिसतात आणि चित्र फारसं वाईट येत नाही. वरच्या मजल्यांतल्या विटांच्या भिंती हिशेबात घेतल्या तेव्हा खरं रूप दिसलं. भिंतींमुळे वरचे चार मजले एखाद्या पेटीसारखे ताठ झाले होते आणि पार्किंगचा ताठपणा पहिल्या मजल्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा होता. म्हणजे जमीन हलली की वरची पेटी अख्खी सरकणार आणि सगळी ओढाताण खालच्या वीस कॉलमांच्या डोक्या-पायांशी येणार. सभेत मी हे सांगितलं ते लोखंडी ट्रंक काडीच्या पायांच्या स्टुलावर ठेवल्याच्या उदाहरणाने. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही ट्रंकेत बसलोय."

गच्चीवर आणखी एक गोष्ट सापडली. गळतीसाठी मूळ ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थरावर २००९ मध्ये दुसरा कोबा चढवला होता, सुमारे साडेचार इंचांचा. हिशेब केला तर जवळपास पन्नास टन वजन. भूकंपाचं बल वजनाच्या प्रमाणात येतं आणि हे वजन सर्वांत उंच जागी होतं. गळती थांबवणारा निर्णय घेताना हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय ऑडिटमध्ये सांगितलेली दुरुस्ती करून थांबण्याचा. खर्च सुमारे १४ लाख. बऱ्याच सभासदांचा कल इकडेच होता आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. पुण्यात इतक्या वर्षांत भूकंपाने अशी इमारत पडलेली नाही, मग आपणच का? मी त्यांना कोयनेच्या भूकंपाची आठवण दिली. ११ डिसेंबर १९६७ पर्यंत तो भागही असाच निवांत मानला जायचा. पण खरं सांगायचं तर भूकंप कधी येईल हे मला सांगता येत नाही. सांगता येतं ते इतकंच, की तो आला तर ही इमारत कुठे मोडेल.

दुसरा पुनर्विकासाचा. मोह मोठा होता, कारण नवा फ्लॅट, लिफ्ट, आणि खर्च बिल्डरचा. पण समोरचा रस्ता सहा मीटरचा, त्यामुळे जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी मिळण्यात अडचण. दोन बिल्डर येऊन पाहून गेले, लेखी प्रस्ताव एकाचाही आला नाही. आणि सोळांपैकी सात घरांत सत्तरीपुढची माणसं, त्यांना तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची नव्हती.

तिसरा पार्किंगची मागची बाजू विटांनी बंद करून तिथे सोसायटीचं ऑफिस काढायचा. ही सूचना चांगल्या मनाने आली होती, "भिंतीच हव्यात ना, मग घ्या" अशी. मात्र सर्वांत घातक हीच होती. एकीकडे ताठ भिंत आणि दुसरीकडे मोकळे कॉलम असले की इमारत हलताना पिळवटते आणि मोकळ्या बाजूचे कॉलम जास्त ताणले जातात. शिवाय पार्किंगची मंजूर जागा अशी बंद करता येत नाही.

चौथा बळकटीकरणाचा. त्यातही लोखंडी ब्रेसिंग, कॉलमना जॅकेटिंग (भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण), कार्बन फायबरचं वेष्टण आणि काँक्रीटच्या नव्या भिंती असे चार मार्ग होते. फायबरने कॉलमची मिठी घट्ट होते, पण मजल्याचा ताठपणा फारसा वाढत नाही, आणि आमचं मूळ दुखणं ताठपणाचं होतं. ब्रेसिंग चाललं असतं, पण एम-१५ च्या जुन्या काँक्रीटमध्ये त्याचे भारी जोड अँकर करणं मला धोक्याचं वाटलं. शेवटी पार्किंगमध्ये काँक्रीटच्या भिंती आणि निवडक कॉलमना जॅकेटिंग, असं ठरलं.

सर्वांत अवघड निर्णय

किती भिंती? २०१६ चं मानक मोकळ्या तळमजल्याच्या इमारतीत प्रत्येक दिशेला भिंतींचं क्षेत्रफळ मजल्याच्या किमान दोन टक्के मागतं. आमच्या २४० चौरस मीटरला ते ४.८ चौरस मीटर होतं. म्हणजे २०० मिलिमीटर जाडीची २४ मीटर भिंत एका दिशेला, तेवढीच दुसऱ्या दिशेला. तेवढी दिली तर पार्किंग उरतच नाही आणि सोसायटी काम करतच नाही.

जुन्या इमारतींच्या मूल्यमापनासाठी आणि बळकटीसाठी आयएस १५९८८ हे २०१३ चं वेगळं मार्गदर्शक मानक आहे. जुन्या इमारतीचं उरलेलं आयुष्य लक्षात घेऊन काहीसा कमी भूकंपभार धरायची मुभा ते देतं. मी तो आधार घेतला. आडव्या दिशेला तीन-तीन मीटरच्या चार भिंती आणि लांबीच्या दिशेला चार-चार मीटरच्या दोन बसल्या. आडव्या दिशेला एक टक्का भरला, लांबीच्या दिशेला त्याहून कमी. पण तळमजल्याचा ताठपणा वरच्या मजल्याच्या ८० टक्क्यांखाली जात नाही आणि इमारत पिळवटत नाही, या दोन्ही कसोट्या हिशेबात पुऱ्या झाल्या.

नव्या इमारतीचा नियम पुरता पाळणं आणि काहीच न करणं, यांच्या मधली जागा शोधणं हे जुन्या इमारतीतलं खरं डिझाइन असतं. त्यासाठी मला महिनाभर झोप नीट लागली नाही. दुसऱ्या अनुभवी इंजिनिअरकडून संपूर्ण डिझाइन तपासून घ्या, असं मीच सोसायटीला सुचवलं. त्या इंजिनिअरनी दोन कॉलमांना जादा जॅकेटिंग सांगितलं आणि ते बरोबर होतं. जिन्याच्या मधल्या लँडिंगचा बीम कॉलमच्या मध्यावर टेकल्यामुळे तिथे कॉलमची लांबी अर्धी होते आणि आखूड कॉलमवर भार जास्त ओढला जातो. माझं लक्ष भिंतींवर असल्याने ते माझ्याकडून निसटलं होतं.

भिंती वरच्या मजल्यांपर्यंत न्याव्यात, हे मानकाला अधिक पसंत आहे. पण त्या लोकांच्या बैठकीच्या खोल्यांतून गेल्या असत्या. आम्ही पहिल्या मजल्याच्या बीमशी थांबलो.

काम कसं झालं

विशेष सर्वसाधारण सभेत सर्वांत जास्त वेळ गेला तो अकरा गाड्यांच्या पार्किंगवर. भिंतींमुळे दोन जागा जात होत्या. कुणाच्या? तीन सभा यावरच झाल्या. अखेर बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात एक जागा निघाली. दुसरी आपली जाऊ द्या, असं सेक्रेटरी वहिनींनी स्वतःहून सांगितलं आणि ठराव पुढे सरकला. एकूण खर्च ४५ लाख, त्यात बळकटीकरणाचे ३१. सिंकिंग फंडातून (सोसायटीच्या राखीव निधीतून) ९ लाख, बाकी दर फ्लॅटमागे सव्वादोन लाख, अठरा हप्त्यांत. एका सभासदाने शेवटपर्यंत विरोध नोंदवला, पण हप्ते भरले.

जानेवारी २०२४ मध्ये काम सुरू झालं. आधी गच्चीवरचा दुसरा कोबा फोडून खाली उतरवला आणि पातळ मेंब्रेन घातलं. यात बळकटी अशी काही नाही, तरी भूकंपबल कमी करणारं सर्वांत स्वस्त काम हेच होतं.

पावसाळ्याआधी पायाचं काम आटपायचं होतं. भिंतीखाली दोन्ही कॉलमांच्या जुन्या फुटिंगना (पायाच्या काँक्रीटच्या बैठकींना) कवेत घेणारं नवं फुटिंग होतं. एका वेळी एकाच ठिकाणी खोदाई आणि भोवती प्रॉप्स, म्हणजे तात्पुरते टेकू. तिसऱ्या खड्ड्यात जुनं फुटिंग अपेक्षेहून अडीच फूट वर, पक्क्या खडकाऐवजी मुरमावर टेकलेलं निघालं. काम आठवडाभर थांबवून त्या फुटिंगचा आकार वाढवला.

मग जॅकेटिंग. जुन्या कॉलमचं प्लास्टर काढून काँक्रीट छिन्नीने खरवडलं, केमिकल अँकरने सळया रोवल्या, चारी बाजूंनी नवी जाळी बांधली आणि मायक्रोकाँक्रीट ओतलं. जुन्या कॉलमभोवती अखंड रिंग चढवता येत नाही, दोन तुकडे समोरासमोर आणून अडकवावे लागतात. दुसऱ्या दिवशी साइटवर गेले तर पहिल्या चार कॉलमांच्या रिंगा बांधून तयार आणि सगळी टोकं काटकोनात. ज्या चुकीपायी हा सगळा खटाटोप चालला होता, तीच चूक नव्या सळईत.

फिटर पंचवीस वर्षं हेच काम करत होता. तो म्हणाला, "मॅडम, ड्रॉइंगवर असतं तसं, पण आजवर कुणी बघायला आलं नाही." त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. चारही कॉलम सोडवले. वाकवण्याच्या पाटावर १३५ अंशांसाठी खिळे ठोकून खूण करून दिली आणि ही वाकण कशासाठी ते त्याला उघडलेल्या जुन्या कॉलमपाशी उभं करून दाखवलं. त्यानंतर एकही रिंग परत करावी लागली नाही. शेवटी शेवटी तर हाताखालच्या पोराला तोच समजावत होता.

निष्पत्ती

ऑक्टोबर २०२४ मध्ये काम संपलं. तळमजल्यातला कच्चा दुवा हिशेबाप्रमाणे दूर झाला. वरच्या मजल्यांचे कॉलम मात्र अजून नऊ इंचीच आहेत आणि त्यांच्या रिंगा काटकोनातच आहेत. जोराच्या भूकंपात तिथे भिंती फुटतील, नुकसान होईल. आमचं उद्दिष्ट इमारत माणसांवर बसू नये एवढं होतं.

सोसायटीला "इमारत भूकंपरोधक आहे" असं पत्र हवं होतं, काहींना फ्लॅट विकताना दाखवायला. मी तो शब्द लिहिला नाही. कोणत्या मानकाने, किती भार धरून, काय केलं आणि काय राहिलं, असं दोन पानी पत्र दिलं. काही सभासद नाराज झाले. चेअरमन काकांनी ते पत्र पार्किंगच्या फलकावर लावलं.

वेगळं काय करता आलं असतं

पार्किंगचा प्रश्न मी शेवटी आणला, तो पहिल्याच बैठकीत कागदावर काढायला हवा होता. तांत्रिक सादरीकरणावर तीन आठवडे घालवले, आणि लोकांचा जीव अडकला होता गाडीच्या जागेत. पायाची तपासणीही दोनऐवजी सहा ठिकाणी केली असती तर मुरमाचा धक्का निविदेआधीच कळला असता. आणि पहिला कॉलम नमुना म्हणून बांधून तपासल्याशिवाय पुढचा बांधायचा नाही, ही अट करारातच असायला हवी होती. आता माझ्या प्रत्येक करारात ती असते.

ऑडिटबद्दल मात्र माझं मत ठाम झालं आहे. आयएस १८९३ मध्ये आणखी कितीही सुधारणा झाल्या, तरी जुन्या इमारतीला त्यांचा स्पर्श होण्याची एकच वाट आहे, ती म्हणजे हे ऑडिट. ते कायद्याने होतंच आहे. त्याच्या नमुन्यात पाच प्रश्न वाढवावेत. तळमजला मोकळा आहे का? कॉलमची लहान बाजू किती? किमान एक कॉलम उघडून रिंगांचं अंतर आणि टोकं पाहिली का? वरचा एखादा कॉलम खाली पायापर्यंत न जाता बीमवरच थांबला आहे का? मूळ बांधकामानंतर गच्चीवर किती वजन चढलं? यासाठी लागतो एक जादा दिवस आणि थोडी तोडफोड. मी माझ्या अहवालांत हे पाच प्रश्न गेल्या वर्षापासून घातले आहेत. शेजारच्या सोसायटीने त्यांतला तिसरा प्रश्न वाचून स्वतःहून एक कॉलम उघडायला सांगितला. तिथेही रिंगा आठ इंचांवरच निघाल्या.

आमच्या इमारतीला २०२७ मध्ये तीस वर्षं पूर्ण होतील आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ऑडिट येईल. येणाऱ्या इंजिनिअरला मूळ ड्रॉइंग्ज मिळणार नाहीत, पण नव्या भिंती, फुटिंग आणि जॅकेटिंगची ड्रॉइंग्ज, कोअरचे निकाल आणि उघडलेल्या कॉलमांचे फोटो यांचा एक संच सोसायटीच्या कपाटात आहे, दुसरा माझ्याकडे.